डिस्क जुळली नाही तो वैशाख

नांदेडला चैत्र संपता संपता रस्त्याच्या कडेला कूलरच्या गवताचे ढीग लागतात. पिवळट, कुरळं, रंधा मारलेल्या लाकडासारखा वास असलेलं गवत. माणसं जुन्या जाळ्या घेऊन येतात, आतलं काळं पडलेलं गवत उपसून टाकतात आणि नवं भरून नेतात. घरी आणून पहिल्यांदा पाणी सोडलं की खोलीभर एक ओला वास पसरतो. मग उशीला, पडद्याला, ओढणीला तोच वास पाऊस येईपर्यंत राहतो. यंदा परवा आईनं कूलर पुसायला काढला, पाणी सोडलं, आणि मी हातातलं काम ठेवून नुसती बसून राहिले. तो वास आला की मला एक वैशाख आठवतो. आठवतो म्हणजे चित्रं दिसतात. त्या चित्रांत मी आहे, चालते आहे, बोलते आहे. पण तिच्या आत काय चाललं होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुधा काहीच चाललेलं नव्हतं.

त्या वर्षी फाल्गुनात माझे पप्पा गेले. रेल्वेच्या दूरसंचार खात्यात त्यांनी सगळी नोकरी केली होती, निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते. थोड्याशा तापाचं निमित्त झालं. दवाखान्यात चालत गेले आणि परत आले ते ॲम्ब्युलन्समधून. घर माणसांनी भरलं. पांढरे कपडे घातलेले नातेवाईक, ‘जयभीम’ म्हणून गुपचूप कोपऱ्यात बसणारे त्यांचे जुने सहकारी, संध्याकाळची वंदना, पुण्यानुमोदनाच्या दिवशी मांडवात लागलेल्या खुर्च्या. दाखला काढणं, पेन्शनचं ऑफिस, मांडववाला, जेवणवाला, सगळं मीच बघितलं. धाकटी मावशी सगळ्यांना सांगत होती की सुजातानं किती धीरानं घेतलं. मला ते ऐकू यायचं आणि मी चहाचे कप मोजून ट्रेमध्ये ठेवत राहायचे. धीर वगैरे नव्हता तो. दातांचा डॉक्टर इंजेक्शन देतो तेव्हा गाल आपलाच असतो, बोटाला लागतो, पण बोट लागलेलं गालाला कळत नाही. तसं काहीतरी सगळ्या अंगाला झालं होतं.

म्हणून मी लवकर कामावर गेले. घरी बसून काय करायचं होतं?

आमचं ऑफिस स्टेशनच्या बाजूला, कापडदुकानाच्या वर, दोन खोल्यांचं. मालक उदगीरचे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. शेजारच्या काकू मला विचारतात, कम्प्युटर दुरुस्त करतीस का? मी हो म्हणते. खरं तर आमच्या हाताला कम्प्युटर लागतच नाही. दवाखाने, शाळा, दुकानं यांची कामं ज्या मशीनवर चालतात ती मुंबईकडच्या कुठल्याशा मोठ्या, गार इमारतीत असतात. ती आम्ही भाड्यानं घेतो आणि नांदेडात बसून चालवतो. याला क्लाउड म्हणतात. तिथं मशीन आणि त्याची डिस्क, म्हणजे माहिती ठेवायची जागा, या दोन वेगळ्या गोष्टी असतात. मशीन बंद केलं की ते आपलं राहत नाही, दुसऱ्या कुणालाही मिळू शकतं. डिस्क तेवढी आपली राहते. पुन्हा सुरू करताना तिथं जे मोकळं मशीन असेल ते आपल्याला देतात आणि आपली डिस्क त्याला जोडतात. एरवी हे इतकं सहज होतं की माणसाला त्यात दोन गोष्टी आहेत हेसुद्धा आठवत नाही.

लातूरचा एक क्लास आमच्याकडं होता. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेणारा. लातुरात असे क्लास गल्लोगल्ली आहेत. पोरं-पोरी बीड-परभणीपासून येऊन राहतात, खोलीत कॉट आणि टेबल सोडून पाय ठेवायला जागा नसते. या क्लासच्या सराव परीक्षा कम्प्युटरवर व्हायच्या आणि सगळ्या मुलांचे सगळे पेपर, कोणता धडा कुणाचा कच्चा, कुणाचे मार्क चढले, कुणाचे उतरले, हे सगळं आमच्या त्या भाड्याच्या मशीनच्या डिस्कवर असायचं. तिकडचा परीक्षा विभाग मंगलताई बघायच्या. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. फोनवर तेवढ्या माहीत होत्या. “हॅलो, मंगल बोलायलेय,” असं सुरू करायच्या आणि काम संपलं की निरोप न घेताच फोन ठेवायच्या. पप्पा गेल्यानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले तेव्हा त्यांनी दुःख झालं वगैरे काही म्हटलं नाही. “पेपरची फाईल पाठवलीय, बघा,” म्हणाल्या. मला ते बरं वाटलं असावं. निदान वाईट वाटलं नाही.

वैशाखातल्या एका शनिवारी, मुलं जेवायला गेलेली असताना, मी ते मशीन बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटची मोठी सराव परीक्षा होती. एरवीपेक्षा जास्त मुलं बसणार होती, म्हणून जरा ताकदीचं मशीन लावायचं आधीच ठरलं होतं. बंद केलं, आकार बदलला, सुरू करायला सांगितलं. उत्तर आलं की या प्रकारचं मशीन सध्या तिथं शिल्लक नाही. मग आधीचंच, लहान मागितलं. तेही नाही. त्या जुन्या घराण्यातली, म्हणजे जुन्या पिढीची, मशीन हळूहळू कमी होत चालली होती, आणि होती ती मधल्या वेळात कुणी कुणी उचलली होती. नव्या घराण्यातली मात्र हवी तेवढी होती. ती मागून बघितली तर तांबड्या अक्षरांत एक ओळ आली: ही डिस्क या मशीनला चालत नाही.

नव्या मशीनला नव्या प्रकारचीच डिस्क लागते, जुनी ती ओळखतच नाहीत. हे आम्हाला ऐकून माहीत होतं, पण असं अंगावर आलं नव्हतं. अण्णांनी कंपनीच्या मदतकक्षाला कळवलं. तिकडून एका सभ्य मुलीनं सांगितलं की सकाळपर्यंत जुनं मशीन मोकळं होण्याची शक्यता आहे. अण्णा खोलीत येरझारा घालायला लागले. शर्ट पाठीला चिकटलेला, हातात रुमाल. मी त्या तांबड्या ओळीकडं बघत होते. ती मला नीट वाचता येत होती, तिचा अर्थ कळत होता, आणि तरी ती दुसऱ्या कुणाच्या तरी पडद्यावर असल्यासारखी वाटत होती. मी खाली जाऊन चहा सांगून आले. अण्णा म्हणाले की आपल्या धंद्यात तुझ्यासारखं थंड डोकं पाहिजे.

मंगलताईंना फोन मीच केला. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं.

“म्हंजे पोरांचे पेपर गेले का?”

“नाही. पेपर आहेत. उघडायला मशीन नाही.”

“हायेत ना?” त्या म्हणाल्या. “मग बघू.”

क्लासचे संचालक मात्र असं म्हणणारे नव्हते. त्यांना समोर माणूस हवा होता. मुंबईतल्या मशीनसाठी नांदेडच्या मुलीनं लातूरला जाऊन काय होणार होतं, हे अण्णांनी त्यांना समजावून पाहिलं असेल, नसेल. सकाळच्या पहिल्या एस.टी.नं मी निघाले. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. दोन्हीकडं नांगरून तापत पडलेली काळी रानं, मधेच एखादं फुललेलं बहाव्याचं झाड, इतकं पिवळं की माणसानं मान वळवून बघावं. मी वळवली. बघितलं. झाड होतं.

गाडीतूनच मी जुनं मशीन पुन्हा मागून बघितलं. नव्हतंच. मग दुसरा रस्ता धरला. जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढायची आणि त्या प्रतीवरून नव्या प्रकारची डिस्क बनवायची. ही प्रत निघायला वेळ लागतो. पडद्यावर एक रेघ भरत जाते, सावकाश, आणि आपल्याला तिच्याकडं बघण्यापलीकडं काही करता येत नाही. चाकूरच्या पुढं रेंज गेली तेव्हा ती रेघ आपली आपण भरतच असणार, एवढं मला माहीत होतं.

लातुरात उतरले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. त्या भागातल्या रस्त्यांवर रविवारीसुद्धा सुट्टीचं काही दिसत नाही. भिंतीभर गेल्या वर्षीच्या हुशार मुलांचे फोटो, खाली त्यांचे मार्क. फोटोतली मुलं कशी एकाच दुकानात फोटो काढल्यासारखी हसत असतात. डोक्याला, तोंडाला ओढणी गुंडाळलेल्या पोरी पुस्तकं छातीशी धरून मेसकडं चाललेल्या. क्लासच्या दारात गर्दी होती. संचालकांनी मला केबिनमध्ये बसवलं आणि तोच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारला. मी दर वेळी तेच उत्तर दिलं. त्यांचा आवाज चढत होता हे मला कळत होतं. थोड्या वेळानं तेच दमले आणि म्हणाले, बसा तिकडं, करा काय करायचं ते.

मंगलताई तेव्हा जिन्यात होत्या. चाळिशीच्या, उंच, सुती साडी, गळ्यात क्लासचं ओळखपत्र, आणि चालणं असं की बाकीच्यांनी बाजूला व्हावं. परीक्षा रद्द करायची नाही असं त्यांनी रात्रीच ठरवून टाकलं होतं. प्रश्नपत्रिका त्यांच्या मेलमध्ये होतीच. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला उठवून त्यांनी भल्या पहाटे कागद छापायला लावले होते आणि गरम गठ्ठे रिक्षात घालून आणले होते. हॉलमध्ये सगळी मुलं मावली नाहीत, म्हणून बाकीची व्हरांड्यात, जिन्याच्या पायऱ्यांवर, थेट पाण्याच्या टाकीपर्यंत बसलेली. एवढी मुलं एकदम लिहायला लागली की पेनांचा एक आवाज होतो, वाळलेल्या पानांवरून काहीतरी सरपटत गेल्यासारखा. कम्प्युटरच्या परीक्षेत तो नसतो.

माझ्याकडं बघून त्यांनी मान हलवली आणि एका खोलीत नेलं. तिथं कूलर होता, खिडकीला नवं गवत घातलेलं. मी लॅपटॉप उघडला. प्रत निघाली होती. तिच्यावरून नवी डिस्क बनायला लावली. तेवढ्यात मंगलताई चहा घेऊन आल्या आणि उभ्या उभ्याच एका मुलीबद्दल सांगायला लागल्या.

मुलीचं नाव अंकिता. शिरूर अनंतपाळची. वडलांचं तिथं किराणा दुकान. बारावी होऊन दोनदा परीक्षा दिली, दोनदा थोडक्यात हुकली. यंदा तिसरी खेप. घरात लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं, आणि नेमके आज तिचे वडील तिला न्यायला येणार होते. पेटी, गादी, पुस्तकं, सगळं जीपमध्ये घालून. खरी परीक्षा घरूनच येऊन दे म्हणाले होते. त्या पोरीनं मंगलताईंना गळ घातली होती की माझे यंदाचे मार्क बापाला दाखवा. हिवाळ्यापासून दर पेपरला ते चढत गेले होते. तिनं सांगून वडलांना पटत नव्हतं, कारण मागच्या दोन्ही वेळेला तिनं असंच सांगितलं होतं.

“तिचा बाप वाईट न्हाई,” मंगलताई म्हणाल्या. “त्याला डोळ्यानं दिसलं पायजे, एवढंच.”

आणि ते डोळ्यांनी दिसायचं, ते सगळं त्या जुन्या डिस्कवर होतं.

नवी डिस्क तयार झाली. नव्या मशीनला जोडली. यावेळी तांबडी ओळ आली नाही. मशीननं डिस्क घेतली, सुरू झालं, आणि मध्येच थांबलं. पडद्यावर काही हलेना. थोड्या वेळानं कळलं की आतली सगळी व्यवस्था, म्हणजे मशीन चालवणारा मूळ प्रोग्रॅम, जुनी आहे, तिनं या जातीची डिस्क कधी पाहिलेलीच नाही. म्हणजे ज्या डिस्कवर ती स्वतः बसलेली, तीच तिला सापडत नव्हती. मी हे मंगलताईंना सांगितलं. त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या. बाहेर पेपर सुटला होता. मुलं उत्तरं जुळवत जिना उतरत होती.

दार अर्धं उघडलं आणि अंकिता आत आली. बारकी, सावळी, दोन वेण्या. पप्पा खाली आलेत म्हणाली. मग माझ्याकडं बघून विचारलं, “मॅडम, माझे पेपर हायेत ना?”

आहेत, मी म्हटलं. तिनं विश्वास ठेवला की नाही कोण जाणे. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि नखानं भिंतीचा पोपडा काढत राहिली. तिच्या जागी मी असते तर? असा विचार मनात यायला हवा होता. आला नाही. मला फक्त पुढची पायरी दिसत होती, आणि मी ती चढले. साधं, कोरं, नवं मशीन घेतलं. त्याची स्वतःची नवी डिस्क, त्यावर नवी व्यवस्था. ते लगेच सुरू झालं. मग आपली डिस्क त्याला दुसरी डिस्क म्हणून बाजूनं जोडली. म्हणजे तिच्यावर उभं राहायचं नाही, नुसतं तिच्यात डोकावायचं. डोकावले. सगळं होतं. परीक्षांची नावं ओळीनं, त्याखाली मुलांची. परीक्षेचा प्रोग्रॅम त्या नव्या मशीनवर बसवायला दुपार गेली. जेवण मंगलताईंनी तिथंच मागवलं. अंकिताचे वडील खाली व्हरांड्यात पेटीवर बसून होते, जीपवाला दोनदा येऊन घाई करून गेला होता.

उन्हं कलायला लागली तेव्हा मी अंकिताचं पान उघडून लॅपटॉप वळवला. वडील आत आले, टोपी हातात घेऊन. मंगलताईंनी त्यांना एकेक पेपर दाखवला. हिवाळ्यातला, संक्रांतीच्या आसपासचा, होळीनंतरचा. ते पडद्याला तोंड चिकटवून बघत होते. मुलगी दारात उभी होती आणि दोघांकडंही न बघता बाहेर बघत होती.

“वाढलेत की,” ते म्हणाले.

खाली गेले. खिडकीतून मला दिसलं, त्यांनी जीपवाल्याला हातानं जा म्हणून सांगितलं, पेटी उचलून खांद्यावर घेतली आणि गल्लीतून परत मुलींच्या हॉस्टेलकडं चालायला लागले. अंकिता गादीची वळकटी काखेत मारून त्यांच्या मागं पळत होती.

तिचं पुढं काय झालं हे मंगलताईंनी मला मागाहून फोनवर सांगितलं. डॉक्टरकीला थोडी कमी पडली, पण जनावरांच्या डॉक्टरकीला लागली. आता ती म्हशींच्या पोटात हात घालून बघते आणि घरी गेल्यावर आईला त्या गोष्टी जेवताना सांगते. ऐकताना मी हसले. हे आत्ताचं. त्या दिवशी मात्र मी खिडकीशी उभी होते, ती दोघं वळणावर दिसेनाशी झाली, आणि मला आनंद झाला नाही. आनंद व्हायची जागा कुठं आहे ते मला माहीत होतं. तिथं हात लावून बघितला, आणि तो लागलेला कळला नाही.

संचालक येऊन आभार मानून गेले. अण्णांचा फोन आला, ते कितीतरी वेळ बोलत होते. मी लॅपटॉपची वायर गुंडाळत होते तेव्हा मंगलताई म्हणाल्या, “तुम्हाला काय वाटलंच न्हाई.”

तो आरोप नव्हता. ताप आहे का बघावं तसं त्यांनी ते म्हटलं होतं. मी वर बघितलं.

“मलाबी तसंच झालतं,” त्या म्हणाल्या.

मग मला कळलं की त्या किल्लारीच्या. भूकंप झाला तेव्हा लहान होत्या, शाळेत जायच्या वयाच्या. गणपती बुडवून गाव झोपला होता. त्यांना मातीतून काढलं तेव्हा दिवस उजाडला होता. धाकटा भाऊ गेला. त्यांनी हे सगळं साध्या आवाजात सांगितलं, टेबलावरचे कप गोळा करता करता. त्या रडल्या नव्हत्या. पत्र्याच्या शेडात राहिल्या, शेडातच शाळा भरली, त्या वर्षी त्या वर्गात पहिल्या आल्या. लोक म्हणायचे पोरगी धीराची आहे.

“धीर कशाचा? आतून लाकूड झालतं नुसतं.”

मी विचारलं, मग ते गेलं कधी?

त्यांनी विचार केला. खरंच आठवून बघितलं. “ठावं न्हाई,” म्हणाल्या. “एखाद्या दिवशी गेलं, असं न्हाई झालं. पण गेलं एवढं खरं.”

दुसऱ्या दिवशी त्यांची सुट्टी होती आणि त्या आईकडं जाणार होत्या. मलाही चला म्हणाल्या. आईला नांदेडला फोन केला, उद्या येते म्हणून कळवलं. आई म्हणाली, ये निवांत. त्या महिन्यांत आम्ही दोघी एकमेकींशी फार जपून बोलायचो, काचेचं सामान हातात असल्यासारख्या.

रात्री मी मंगलताईंकडंच राहिले. सकाळी औशाच्या पुढं जीप किल्लारीकडं वळली. तो गाव मी नकाशात बघितल्यासारखा बघितला, कारण भूकंपानंतर नव्यानं वसवलेला तो गाव तसाच आहे: सरळ गल्ल्या, एकसारखी सिमेंटची घरं. पण इतक्या वर्षांत माणसांनी त्यांना आपापल्या परीनं वाकवलंय. कुणी पुढं पत्रा टाकलाय, कुणी चूल बाहेर काढलीय, कुणी कुंपणाला गोकर्ण चढवलीय. तेव्हा लावलेले कडूलिंब आता घरांपेक्षा उंच झालेत. मंगलताईंच्या आईच्या दारात असाच एक लिंब होता आणि त्याच्या सावलीत त्या पोतं पसरून चिंचा फोडत बसल्या होत्या. गयाबाई. हातावर गोंदलेलं, नऊवारी, पाय लांब पसरलेले. मंगलताईंनी माझी ओळख करून दिली, ही नांदेडची सुजाता, हिचे वडील गेले एवढ्यात. आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या.

म्हातारीनं माझ्या पुढ्यात चिंचांचा एक ढीग सरकवला आणि एक बारका दगड दिला. मी बसले. टरफल काढायचं, शिरा ओढायच्या, ठेचून चिंचोका बाहेर काढायचा. चिंचोके एका बाजूला, गर दुसरीकडं. बोटं चिकट झाली. समोरच्या घरात रेडिओ वाजत होता, कोंबड्या लिंबाच्या बुडाशी माती उकरत होत्या. आम्ही किती वेळ तशा बसलो कोण जाणे. 

मग तिनं मान खाली ठेवूनच विचारलं, “कसा होता गं बाप?”

हे उत्तर मला पाठ होतं. आधी थोडा ताप आला, मी म्हटलं, मग दवाखान्यात नेलं, तिथं रात्री एकदम श्वास—

“तसं न्हाई,” म्हातारी म्हणाली. “कसा गेला ते न्हाई इचारत. मानूस कसा होता?”

माझ्या हातातली चिंच हातातच राहिली. फाल्गुनापासून किती माणसं आली होती, किती फोन आले होते, आणि सगळ्यांनी कसे गेले हेच विचारलं होतं. कसे होते, हे कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळं मलाही ते कुणाला सांगायचं राहून गेलं होतं. मी उत्तर शोधायला लागले. चांगले होते, असं म्हणणार होते. पण तोंडातून दुसरंच आलं.

“घरात कुणालाही हाक मारायची झाली तर ‘हॅलो’ म्हणायचे,” मी म्हटलं.

म्हातारीनं वर बघितलं.

रेल्वेच्या टेलिफोनवर जन्म गेला ना, मी सांगितलं. लाईन दुरुस्त झाली की हॅलो, हॅलो म्हणून बघायचं, ती सवयच लागली. आईला हॅलो, मला हॅलो, दूधवाल्याला हॅलो. मांजर आलं तरी हॅलो. आई चिडायची, म्हणायची, कुणाला फोन लावलाय? आणि ते खरंच हात कानाशी नेऊन म्हणायचे की लागत नाही, पलीकडून कुणीतरी ओरडून राहिलंय.

म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. तिचं सगळं अंग हललं. माझाही हात पप्पांसारखा कानाशी गेला होता, आणि चिंचेची चिकट बोटं गालाला लागलेली मला कळली. मंगलताई चहा घेऊन दारात येऊन थांबल्या होत्या, पुढं आल्या नाहीत.

गयाबाईनं माझ्या हातातली चिंच काढून घेतली, ठेचली, चिंचोका बाजूला टाकला आणि दुसरी माझ्या हातात दिली.

“मग?” ती म्हणाली.